पाकिटातली खसखस

1844 साली लंडनमध्ये आश्रयाला राहिलेल्या जुझेप्पे मॅझिनीने आपल्या मित्रांना एक विचित्र सूचना दिली होती. मला पत्र पाठवाल तेव्हा पाकिटात थोडी खसखस टाका, नाहीतर एखादा केस, नाहीतर वाळूचे चार कण. पत्रे आली. लाखेचा शिक्का जागच्या जागी, पाकिटाला कुठे चीर नाही, आणि आत खसखस नाही. पत्र वाटेत कुणीतरी उघडत होते, हे त्याला त्या नसलेल्या दाण्यांवरून कळले.

मराठी वाचकाला मॅझिनी ओळखीचा आहे तो सावरकरांमुळे, इटलीचा क्रांतिकारक म्हणून. सरकारी पाळत आणि खासगीपणा यांच्या इतिहासातही त्याचे नाव आहे, हे आपल्याकडे फारसे सांगितले जात नाही. त्याची तक्रार जून 1844 मध्ये टॉमस डनकूम या खासदाराने ब्रिटिश संसदेत मांडली. गृहमंत्री सर जेम्स ग्रॅहम यांनी तपशील सांगायला नकार दिला. कायदा त्यांच्या बाजूने होता, कारण मंत्र्याच्या हुकमाने पत्र उघडण्याची मुभा अठराव्या शतकाच्या सुरुवातीपासूनच्या टपाल कायद्यात होती. तरीही लोक खवळले. पाकिटांवर ‘ग्रॅहम करू नये’ असे लिहिण्याची टूम निघाली. पत्र उघडणे म्हणजे खिसा कापण्याचाच भाऊबंद, असे टॉमस कार्लाइलने वर्तमानपत्रात लिहिले.

अखेर दोन्ही सभागृहांनी चौकशी समित्या नेमल्या. बैठका बंद दाराआड झाल्या, पण अहवाल छापला गेला आणि आजवर असे किती हुकूम निघाले याचे आकडेही त्यात आले. परदेशी पत्रे उघडणारे गुप्त कार्यालय आणि सांकेतिक लिपी फोडणारी शाखा, दोन्ही बंद झाल्या. हुकूम काढून पत्र उघडण्याचा अधिकार मात्र कायम राहिला. आकडे छापल्याने राज्य कोसळले नाही, ही गोष्ट मला या प्रकरणात सर्वांत मोलाची वाटते.

मॅझिनीच्या आधी शंभर वर्षे युरोपातल्या बहुतेक दरबारांत हा उद्योग बिनबोभाट चाले. व्हिएन्नाचे गुप्त दफ्तर त्यात सर्वांत तरबेज. परदेशी वकिलातींच्या टपालाची थैली सकाळी 7 वाजता तिथे येई. लाख मेणबत्तीवर धरून सैल करायची, आतल्या कागदांचा क्रम टिपून ठेवायचा, महत्त्वाचा मजकूर उतरवून घ्यायचा, कागद त्याच क्रमाने परत घालायचे आणि बनावट शिक्क्याने पाकीट बंद करायचे. साडेनऊपर्यंत थैली टपालात परत. या कारागिरीचे सगळे कसब एकाच गोष्टीत होते: उघडले गेले होते हे कळू द्यायचे नाही.

घराची झडती अशी लपत नाही. 1762 मध्ये इंग्लंडात जॉन एन्टिक या लेखकाच्या घरात राजाचे शिपाई घुसले, चार तास कपाटे फोडत राहिले आणि कागद घेऊन गेले. त्याने त्यांच्यावरच दावा लावला. राज्याची निकड हे कारण पुढे आले, तेव्हा 1765 मध्ये न्यायाधीश लॉर्ड कॅम्डेन यांनी ते फेटाळले. असा अधिकार असेल तर तो कायद्याच्या पुस्तकात दाखवा, नसेल तर तो नाही, असा त्यांच्या निकालाचा रोख होता. एन्टिकला तीनशे पौंड भरपाई मिळाली. त्याला दावा लावता आला तो फुटलेली कपाटे डोळ्यांसमोर होती म्हणून.

तार आणि टेलिफोन आल्यावर कपाट फोडायची गरजच उरली नाही. सिएटलचा चोरटा दारूव्यापारी रॉय ओल्मस्टेड याचे फोन केंद्र सरकारच्या दारूबंदी अधिकाऱ्यांनी घराबाहेरच्या तारांना जोडणी देऊन ऐकले. घरात पाऊल टाकलेले नाही, तेव्हा झडतीही झालेली नाही, असा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1928 मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी निकाल दिला. न्यायमूर्ती ब्रँडाइस यांनी विरोधात लिहिले. खणातले कागद बाहेर न काढताच ते न्यायालयात हजर करण्याची युक्ती सरकारला उद्या सापडेल, हा त्यांचा इशारा होता. तो निकाल उलटायला 1967 साल उजाडले. त्या वर्षीच्या खटल्यात एफबीआय या अमेरिकेच्या केंद्रीय तपास संस्थेने सार्वजनिक टेलिफोनच्या खोक्यावर मायक्रोफोन बसवला होता. घटनेचे संरक्षण जागेला नसून माणसाला आहे, असे न्यायालयाने तेव्हा म्हटले.

म्हणून कागदावरचा हक्क वाढला. पण पाळत आहे हे कळले तरच तो हक्क वापरता येणार. 8 मार्च 1971 च्या रात्री, सारा देश अली-फ्रेझर मुष्टियुद्धात गुंतलेला असताना, पेनसिल्व्हेनियातल्या मीडिया गावी एफबीआयच्या छोट्या कार्यालयाचे कुलूप काही नागरिकांनी फोडले आणि हजाराहून अधिक कागद पळवले. विरोधी मताच्या लोकांच्या जास्त मुलाखती घ्याव्यात, म्हणजे प्रत्येक टपालपेटीमागे एफबीआयचा माणूस उभा आहे असे त्यांना वाटत राहील, असा सल्ला एका कागदात होता. हे वाचून आजही अंगावर काटा येतो. पाळतीचा हेतू इथे गुन्हा शोधण्याचा नव्हताच. तो भीती पेरण्याचा होता.

त्यानंतर सिनेटर फ्रँक चर्च यांची समिती बसली. 1945 पासून तार कंपन्या परदेशी तारांच्या प्रती सरकारला देत आल्या होत्या, हे तिच्या चौकशीत उघड झाले. पुढे त्यांतल्या महिन्याला दीड लाखांच्या घरातल्या तारा तपासल्या जाऊ लागल्या. 1978 मध्ये अशा पाळतीसाठी खास न्यायालय स्थापन झाले, पण तेही गुप्त. न्यायाधीशासमोर बहुधा एकच पक्ष, सरकारचा.

त्या गुप्त न्यायालयाचा एक आदेश जून 2013 मध्ये गुप्तचर यंत्रणेचा कंत्राटी कर्मचारी एडवर्ड स्नोडेन याच्यामुळे जगाने वाचला. त्यात एका कंपनीच्या ग्राहकांचे कुणी कुणाला कधी फोन केला याचे सगळे तपशील रोज सरकारला देण्याचा हुकूम होता. तीनच महिन्यांपूर्वी, कोट्यवधी अमेरिकनांची माहिती गोळा करता का, या प्रश्नाला गुप्तचर प्रमुखांनी सिनेट समितीपुढे नाही असे उत्तर दिले होते. आणि त्याच फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने पाळतीविरुद्धची एक याचिका निकालात काढली होती, कारण याचिकादारांना आपल्यावर पाळत असल्याचे सिद्ध करता येत नव्हते. सिद्ध कसे करणार? पुरावा सरकारच्या कुलपात. खसखसही हाताशी नाही. पुढे जानेवारी 2014 मध्ये खासगीपणावर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी मंडळानेच फोन नोंदींची छाननी केली. दहशतवादाच्या तपासात या नोंदींनी ठोस फरक पडल्याचे एकही उदाहरण मंडळाला सापडले नाही.

सुरक्षितता आणि खासगीपणा तोलून पाहा, असे आपल्याला नेहमी सांगितले जाते. पण एका पारड्यात काय आहे ते झाकूनच ठेवले, तर तोलायचे काय? काही गोष्टी गुप्त राहिल्याच पाहिजेत, हे मला मान्य आहे. आज कुणाचा फोन ऐकला जातोय हे जाहीर केले तर तपासच संपला. मात्र कुठल्या कायद्याने, कुणाच्या सहीने आणि वर्षाला किती जणांचा, हे लपवण्याचे काहीच कारण नाही.

जर्मनीत एक तोडगा निघाला. धोका टळल्यावर संबंधित माणसाला तुझ्यावर पाळत होती असे कळवायचे, हे तिथल्या घटना न्यायालयाने 1970 मध्ये सांगितले. 1978 मध्ये युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने जर्मन कायद्यात दोष काढला नाही, पण गुप्त पाळतीचा कायदा असलेल्या देशात तक्रारदाराने स्वतःवरची पाळत आधी सिद्ध करावी, हा आग्रह सोडला. भारतात खडक सिंग खटल्यात 1962 मध्ये रात्री-अपरात्री घरी येणारे पोलीस थांबले, खासगीपणाचा हक्क मात्र मान्य झाला नाही. तो 2017 मध्ये नऊ न्यायमूर्तींनी एकमताने मान्य केला. तरीही फोन ऐकण्याचा हुकूम गृहसचिव देतात आणि तो तपासते सचिवांचीच समिती. ज्याचा फोन ऐकला त्याला कळवण्याची तरतूद नाही. गरज नसलेल्या नोंदी सहा महिन्यांनी नष्ट करायच्या, असा नियम आहे.

पूर्व जर्मनीच्या स्टाझी या गुप्त पोलीस यंत्रणेलाही नोंदी नष्ट करायच्या होत्या. कागद फाडणारी यंत्रे बंद पडली तेव्हा अधिकारी हातांनी फायली फाडत बसले. 15 जानेवारी 1990 रोजी लोक बर्लिनच्या मुख्यालयात घुसले. फाडलेल्या कागदांची सुमारे 16,000 पोती शाबूत राहिली, आणि न फाडलेले दफ्तर शंभर किलोमीटरहून लांब भरले. जानेवारी 1992 पासून ज्याची त्याला आपली फाईल वाचता येऊ लागली. वाचनालयात बसून लोकांनी पाने उलटली आणि त्यांना आपणच लिहिलेल्या पत्रांच्या प्रती सापडल्या.