अथेन्सचे चार गोल: अपघात म्हणायचा की दुखणं जुनंच होतं?

१८ मे १९९४ रोजी अथेन्सच्या ऑलिम्पिक स्टेडियमवर चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यात इटलीच्या एसी मिलाननं स्पेनच्या बार्सिलोनाचा ४-० असा धुव्वा उडवला. ‘त्या दिवशी काही जमलंच नाही, एरवी असं झालं नसतं’ असं म्हणणारे आणि ‘हे कधीतरी होणारच होतं’ असं म्हणणारे, असे दोन तट फुटबॉलप्रेमींमध्ये तेव्हापासून आहेत.

अपघात मानणाऱ्यांची बाजू सहज पटण्यासारखी आहे. प्रशिक्षक योहान क्रायफच्या बार्सिलोनानं सलग चौथ्यांदा स्पॅनिश लीग जिंकली होती, १९९२ मध्ये वेम्बलीवर युरोपियन कपही (चॅम्पियन्स लीगचं आधीचं नाव) मिळवला होता. त्या मोसमात आघाडीवीर रोमारिओचे एकट्याचे लीगमध्ये ३० गोल होते. उलट मिलानचे दोन्ही मुख्य सेंटर-बॅक (बचावाच्या मध्यभागी खेळणारे), बारेसी आणि कोस्ताकुर्ता, निलंबित होते आणि आघाडीवीर व्हॅन बास्टन जखमी. क्रायफनंही सामन्याआधी आपलाच संघ वरचढ असल्याचं उघडपणे बोलून दाखवलं होतं.

पण त्या मोसमाचे आकडे नीट पाहा. बार्सिलोनानं लीगमध्ये ९१ गोल केले, तसे ४२ खाल्लेही. फेब्रुवारीत सारागोसानं त्यांना ६-३ असं हरवलं होतं. लीगचं विजेतेपदही अंतिम सामन्याच्या अवघे चार दिवस आधी हाती आलं, तेही शेवटच्या क्षणी विजेतेपदाच्या शर्यतीतल्या देपोर्तिवोच्या ज्युकिचची पेनल्टी वाया गेली म्हणून. मिलाननं इटालियन लीग जिंकताना ३४ सामन्यांत जेमतेम ३६ गोल केले, पण खाल्ले फक्त १५. हा संघ दोन माणसांच्या जोरावर उभा नव्हता. प्रशिक्षक फाबिओ कापेलोनं माल्दिनीला बचावाच्या मध्यभागी घेतलं, शेजारी फिलिपो गाली उभा केला, आणि भिंत शाबूत राहिली.

सामना खरा जिंकला तो मधल्या फळीनं. मिलानच्या मार्सेल देसाई आणि अल्बेर्तिनी यांनी बार्सिलोनाच्या ग्वार्दिओलाला श्वास घेऊ दिला नाही, त्यामुळे रोमारिओ-स्टोइचकोव्हपर्यंत चेंडू धड पोचेचना. मध्यंतरापूर्वीच मिलानच्या मास्सारोनं दोन गोल केले. दुसऱ्या सत्राच्या सुरुवातीलाच साव्हिचेविचनं उजवीकडून गोलरक्षक झुबिझारेटाच्या डोक्यावरून चेंडू उचलून जाळ्यात टाकला. अंतिम सामन्यातला इतका देखणा गोल मला दुसरा आठवत नाही. चौथा गोल देसाईचा.

बार्सिलोनाचा डॅनिश खेळाडू मायकेल लाउड्रुप याचा मुद्दाही हटकून निघतो. तेव्हा सामन्यात तीनच परदेशी खेळाडू उतरवता येत. क्रायफनं कूमन, स्टोइचकोव्ह आणि रोमारिओ निवडले, म्हणून लाउड्रुप बाहेर राहिला. तो असता तर मधल्या फळीतली कोंडी थोडी फुटली असती, एवढं मी मान्य करेन. गोल चारऐवजी दोन झाले असते. निकाल बदलला असता असं मात्र मला वाटत नाही. मागे पडलेल्या मोकळ्या जागा त्यानं भरल्या नसत्या, आणि मिलाननं घाव नेमका तिथेच घातला.

पुढचा घटनाक्रमही अपघाताच्या बाजूनं बोलत नाही. त्याच उन्हाळ्यात झुबिझारेटाला क्लब सोडावा लागला आणि लाउड्रुप थेट कट्टर प्रतिस्पर्धी रियाल माद्रिदला गेला. जानेवारी १९९४ मध्ये रियालला ५-० नं लोळवणारी बार्सिलोना बरोबर वर्षभरानं रियालकडून ५-० नंच हरली, आणि त्या वेळी लाउड्रुप रियालच्या बाजूनं खेळत होता. ऑगस्ट १९९४ चा स्पॅनिश सुपर कप सोडला, तर क्रायफच्या हाती पुढे एकही करंडक लागला नाही. मे १९९६ मध्ये त्याला पदावरून काढण्यात आलं.