खिडकीच्या रबरी पट्टीचे म्हातारपण

खिडकी घट्ट लावूनही कडेने वारा येऊ लागला, की रबर झिजले असे आपण म्हणतो. पट्टी खाचेतून काढून निरखली, तर रबर फारसे गेलेले दिसत नाही; झडप जिथे टेकते तिथे ते चपटे झालेले असते आणि बोटाने दाबून सोडले तरी पूर्ववत फुगत नाही.

रबर म्हणजे लांबच लांब रेणूंच्या साखळ्या, एकमेकींना ठिकठिकाणी पुलांसारख्या बंधांनी जखडलेल्या. गंधक आणि उष्णता यांनी हे बंध जुळवून कच्चे रबर टिकाऊ करण्याची युक्ती चार्ल्स गुडइयर यांना १८३९ मध्ये सापडली. दाब हटताच साखळ्या मूळ ठेवणीत परततात त्या या बंधांमुळेच. मात्र ऊन आणि हवेतला ऑक्सिजन यांच्या माऱ्यात वर्षानुवर्षे दाबून राहिलेल्या पट्टीतले काही जुने बंध तुटतात, नवे बंध त्या चपट्या अवस्थेतच जुळतात, आणि रबराला तीच आपली मूळ ठेवण वाटू लागते. नैसर्गिक रबराला ओझोनचाही जाच होतो, कारण तो साखळीतले दुहेरी बंध तोडतो व ताणलेल्या भागावर बारीक भेगा पाडतो. ईपीडीएम या कृत्रिम रबराच्या मुख्य साखळीत असे दुहेरी बंधच नसल्यामुळे खिडक्यांसाठी ते अधिक पसंत केले जाते.

फट केसाएवढी असली तरी तिला क्षुल्लक समजू नये. अगदी अरुंद फटीतून संथपणे वाहणाऱ्या हवेचे प्रमाण रुंदीच्या घनानुसार वाढते, म्हणजे रुंदी दुप्पट झाली की हवा आठपट. आवाजाचेही तसेच: क्षेत्रफळाचा एक टक्का उघडा राहिला, तर उरलेली काच कितीही जाड असो, आवाज सुमारे २० डेसिबलपेक्षा जास्त अडत नाही.

दोष नेमका कुठे आहे, ते कागदाच्या पट्टीने कळते. ती झडपेत धरून खिडकी लावावी. जिथे कागद सहज ओढला जातो तिथे रबराने दम सोडलेला आहे. नवी पट्टी आणताना जुनीचा तुकडा सोबत न्यावा, कारण खाचेत बसणाऱ्या भागाचा आकार तंतोतंत जुळावा लागतो. खाच साबणाच्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवावी आणि पट्टी न ताणता, किंचित सैल ठेवून दाबत न्यावी. ओढून बसवलेले रबर पुढे आखडते आणि नेमकी कोपऱ्यात फट पडते.

उघडझाप होणाऱ्या कडेला सिलिकॉन भरण्याचा मोह मात्र टाळावा. त्याची जागा काच-चौकट किंवा चौकट-भिंत अशा स्थिर सांध्यात. हवेतली आर्द्रता शोषून ते बाहेरून आत घट्ट होत जाते, म्हणून वरची साय तासाभरात धरली तरी जाड थर पक्का व्हायला काही दिवस लागू शकतात. काही प्रकारांना त्या वेळी येणारा व्हिनेगरचा वास अ‍ॅसिटिक आम्लाचा असतो. जुन्या सिलिकॉनवर नवे नीट चिकटत नाही, त्यामुळे आधीचा थर खरवडून काढण्याला पर्याय नाही. या कामातला सर्वांत कंटाळवाणा भाग हाच.

चौकटीच्या खालच्या पट्टीतली बारीक छिद्रे मात्र बुजवू नयेत. आत शिरलेले पाणी त्यांतूनच बाहेर पडते. काम झाल्यावर खाचेत पेलाभर पाणी ओतून ते बाहेरच्या बाजूला उतरते ना, ते पाहावे.