मानेतली नवी गादी: कळ थांबते कशाने?

रावेर-यावल पट्ट्यात केळीची कापणी सुरू झाली की घड मजुरांच्या डोक्या-खांद्यावरून बांधापर्यंत येतात. वर्षानुवर्षं हे काम केलेल्या माणसाला मानेतून अंगठ्यापर्यंत कळ येऊ लागली आणि त्याने जळगावला जाऊन एमआरआय केला, की अहवालात बऱ्याचदा ‘सी-५, सी-६’, म्हणजे मानेचा पाचवा-सहावा मणका, असं लिहून येतं. घरी परतेपर्यंत कुणीतरी सांगतंच, ‘नस दबली, आता नवी गादी बसवून मिळते म्हणे.’

मिळते, हे खरं. पण कळ त्या गादीने थांबत नाही.

मानेत ७ मणके. दोन मणक्यांच्या मधे असते ती गादी, म्हणजे डिस्क; फक्त पहिल्या दोघांच्या मधे ती नसते. आत मऊ, पाणीदार गर आणि भोवती चिवट कडं. वयाने, ओझ्याने, बिडी-सिगारेटनेही कडं कमजोर होतं, गर बाहेर येतो आणि हाताकडे निघालेल्या नसेवर दाबतो. पाचव्या-सहाव्या मणक्यामधली गादी बिघडली तर मुंग्या अंगठ्याकडे येतात, त्याखालची बिघडली तर मधल्या बोटाकडे. बहुतेकांना काही आठवड्यांत औषधं, व्यायाम आणि आराम यांनीच उतार पडतो. ऐन हंगामात रोजंदारीवरच्या माणसाने आराम कसा करायचा, हे मात्र चिठ्ठीत लिहिलेलं नसतं.

तरीही कळ राहिली तर शस्त्रक्रिया. गळ्यावर पुढून छोटा छेद घेऊन, श्वासनलिका आणि अन्ननलिका बाजूला सारून खराब गादी काढतात, नस मोकळी करतात. आराम पडतो तो इथे. पुढचा प्रश्न फक्त रिकाम्या जागेत काय बसवायचं, एवढाच.

१९५०च्या दशकापासूनचं उत्तर आहे हाडाचा तुकडा बसवून दोन मणके जोडून टाकणं. ते आजही भरवशाचं आहे. शंका एकच: एक सांधा गोठला की शेजारच्या गाद्यांवर भार वाढतो का? जोडणीनंतर शेजारच्या मणक्यांच्या नव्या तक्रारी दरवर्षी सुमारे ३ टक्के रुग्णांत दिसल्या, असं १९९९ सालच्या एका अमेरिकी अभ्यासात आढळलं. त्यातलं जोडणीमुळे किती आणि वयामुळे किती, यावर तज्ज्ञ अजून भांडतात.

हलणारी गादी या शंकेतून आली. १९६०च्या दशकात स्वीडनचे सर्जन फर्नस्ट्रॉम यांनी चक्क पोलादी गोळे बसवून पाहिले. ते हाडात रुतत. पुढे इंग्लंडमधल्या ब्रिस्टलला धातूचा सांधा घडला, आणि २००७ मध्ये मानेच्या कृत्रिम गादीला अमेरिकेत पहिली सरकारी मान्यता मिळाली. आजच्या बऱ्याच गाद्यांत धातूच्या दोन चकत्या आणि मध्ये प्लास्टिक असतं.

ती शोभते कुणाला? एक-दोनच गाद्या बिघडल्यात, मणक्यांचे मागचे सांधे शाबूत आहेत आणि हाडं भक्कम आहेत, अशाला. आयुष्यभर ओझी वाहून सांधे झिजलेल्या मानेला, ठिसूळ हाडांना किंवा सरकलेल्या मणक्यांना नाही. तिथे जोडणीच बरी. म्हणजे घड वाहणाऱ्यापेक्षा पुण्यात कंप्युटरवर बसणाऱ्या त्याच्या मुलाला ती जास्त लागू पडायची. काहींच्या बाबतीत तर भोवती हाड वाढून नवी गादीही जखडते.

शर्टाची बटणं लावता येईनाशी झाली, हातातला विळा निसटू लागला, चालताना तोल जाऊ लागला, तर दाब नसेवर नसून मज्जारज्जूवर असू शकतो. अशी मान कुणाकडूनही चोळून किंवा झटका देऊन घेऊ नये. तिथे आठवडे वाट पाहण्याचा नियमही लागू नाही. लगेच मणक्याच्या सर्जनला दाखवावं.