खोटे जातप्रमाणपत्र : कायदेशीर परिणाम (महाराष्ट्र)

आपण त्या जातीचे किंवा जमातीचे नाही हे ठाऊक असताना खोटी माहिती वा बनावट कागद देऊन मिळवलेला जातीचा दाखला म्हणजे खोटे जातप्रमाणपत्र. महाराष्ट्रात याबाबतचा मुख्य कायदा 2000 सालचा (2001 चा महाराष्ट्र अधिनियम क्र. 23) असून तो 18 ऑक्टोबर 2001 पासून अमलात आहे. अनुसूचित जाती-जमातींपासून विमुक्त, भटके, इतर मागासवर्ग आणि विशेष मागास प्रवर्गापर्यंतचे दाखले त्याच्या कक्षेत येतात. खोट्या दाखल्यावर मिळवलेली वैद्यकीय महाविद्यालयातली जागा मेळघाटातल्या किंवा धडगावातल्या एखाद्या आदिवासी मुलाच्या वाट्याची असू शकते. त्यामुळे या गुन्ह्याकडे केवळ सरकारची फसवणूक म्हणून पाहणे अपुरे आहे.

दाखला सहसा प्रांताधिकारी देतात, पण पडताळणी समितीने वैधता प्रमाणपत्र दिल्यावरच तो पक्का होतो. लोक याला ‘व्हॅलिडिटी’ म्हणतात. समिती आणि तिचे दक्षता पथक ही रचना सर्वोच्च न्यायालयाने 1994 मध्ये महादेव कोळी जमातीच्या दाव्यासंबंधीच्या निकालात घालून दिली. पथक गावी आणि शाळेत जाऊन मूळ नोंदी पाहते: शाळेचे जनरल रजिस्टर, कोतवाल बुक (गावच्या कोतवालाकडची जुनी नोंदवही), जन्म-मृत्यूची नोंद, महसुली कागद. जातीच्या रकान्यातली खाडाखोड, नंतर वेगळ्या शाईने जोडलेला शब्द, मुलाच्या दाखल्यात एक जात आणि आजोबांच्या नोंदीत दुसरी, अशा गोष्टी इथेच उघड होतात. स्वातंत्र्यपूर्व नोंदींना सर्वाधिक वजन दिले जाते. रूढी-परंपरांवरून घेतली जाणारी आप्तभाव चाचणी ही एकमेव कसोटी नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2023 मध्ये स्पष्ट केले. दावा सिद्ध करण्याचा भार कलम 8 नुसार अर्जदारावर असतो. समितीचा निर्णय अंतिम असून त्याविरुद्ध फक्त उच्च न्यायालयात जाता येते.

दाखला खोटा ठरला की समिती तो रद्द करून जप्त करते (कलम 7). त्यानंतर कलम 10 लागू होते आणि प्रवेश किंवा नोकरी तात्काळ जाते, पदवी रद्द होते. शिष्यवृत्तीसारख्या रकमा जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल केल्या जातात. राखीव जागेवर निवडून आलेला सदस्य भूतलक्षी प्रभावाने, म्हणजे मागील तारखेपासून, अपात्र ठरतो. फौजदारी शिक्षा कलम 11 मध्ये आहे. त्यानुसार किमान सहा महिने ते दोन वर्षे सश्रम कारावास, किंवा 2,000 ते 20,000 रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे. जाणूनबुजून खोटा दाखला देणाऱ्या अधिकाऱ्यालाही कलम 13 खाली हीच शिक्षा आहे. कागद बनावट असतील तर फसवणूक आणि बनावटीकरणाची कलमे वेगळी लागतात. ती पूर्वी भारतीय दंड संहितेत होती, 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेत आहेत.

अवैध ठरलेला प्रत्येक दावा मात्र लबाडीचा नसतो. विदर्भातल्या हलबा-कोष्टी वादात, म्हणजे विणकर कोष्टी समाज हलबा या अनुसूचित जमातीत मोडतो का या वादात, अनेक कुटुंबांच्या जुन्या कागदांवर ‘हलबा’ अशीच नोंद होती. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने 28 नोव्हेंबर 2000 रोजी कोष्टींचा हलबा जमातीचा दावा फेटाळला, पण तोवर पूर्ण झालेल्या प्रवेशांना आणि नेमणुकांना संरक्षण दिले. पुढे त्या आधारे नोकऱ्या वाचवणारे आदेश होत राहिले. भारतीय अन्न महामंडळाच्या प्रकरणात 6 जुलै 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही वाट बंद केली. त्या निकालानुसार लाभ काढून घेण्यासाठी अप्रामाणिक हेतू सिद्ध करावा लागत नाही, दावा खोटा ठरणे पुरेसे आहे. तुरुंगात पाठवायचे असेल तर मात्र हेतू सिद्ध व्हावाच लागतो. हा भेद न्याय्य आहे. आजोबांनी सांगितलेली जात मनोमन खरी मानणारा नातू आणि रजिस्टरमध्ये शब्द घुसडणारा माणूस हे दोघेही राखीव जागा गमावतील, पण गुन्हेगार दुसराच.

2017 च्या या निकालानंतर राज्यातल्या जातीचे दावे अवैध ठरलेल्या हजारो कर्मचाऱ्यांचा प्रश्न उभा राहिला. 21 डिसेंबर 2019 च्या शासन निर्णयाने अशांना 11 महिन्यांच्या अधिसंख्य (मंजूर संख्येबाहेरच्या जादा) पदांवर वर्ग करून मूळ राखीव पदे मोकळी करण्याचा मार्ग काढला. आदिवासी संघटनांची मागणी ती पदे खऱ्या आदिवासी उमेदवारांतून भरावीत अशी होती, आणि ती रास्तच होती.

खटल्यांच्या बाबतीत कायद्यातच एक अडसर आहे. पडताळणी समितीने किंवा अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याने लेखी तक्रार केल्याशिवाय न्यायालय कलम 11 च्या गुन्ह्याची दखल घेऊ शकत नाही. दाखला रद्द करून समिती थांबली तर शिक्षेचे कलम कागदावरच राहते.

परिणाम एका माणसापुरते राहत नाहीत. वडील किंवा सख्ख्या रक्तनात्यातल्या कुणाची व्हॅलिडिटी रीतसर चौकशी होऊन दिलेली असेल, तर मुलालाही ती सहसा मिळते. पण ती मूळ व्हॅलिडिटी फसवणुकीने मिळवल्याचे दिसले, तर तिचा आधार उरत नाही आणि तिच्या जोरावर दाखले घेतलेल्या भावंडांची व पुतण्यांची प्रकरणेही समिती पुन्हा उघडू शकते.