सीआरओच्या पडद्यावरचा साइन थीटा

दहावीच्या त्रिकोणमितीत मनोऱ्याची उंची काढायची असते, नाहीतर दीपगृहावरून जहाजाचं अंतर. (इंदूरला जहाज कुठलं, पण गणित सोडवावंच लागतं.) पुढे तीच मुलं इंजिनिअरिंगला जाऊन सीआरओसमोर, म्हणजे विजेच्या लाटा पडद्यावर दाखवणाऱ्या ऑसिलोस्कोपसमोर बसतात, तेव्हा त्रिकोण कुठेच दिसत नाही. रामबागेतली माझी भाची पहिल्या वर्षाला आहे. तिनं सरळच विचारलं, "मामा, साइन थीटाचा इथे काय संबंध?"

संबंध त्रिकोणाशी नाही, फिरण्याशी आहे. वर्तुळावर एकसारख्या वेगानं फिरणाऱ्या बिंदूची उंची क्षणाक्षणाला मांडत गेलं की साइनची लाट तयार होते. आपल्या घरच्या विजेची सेकंदाला 50 आवर्तनं होतात, म्हणजे एक आवर्तन 20 मिलिसेकंदांचं. सीआरओचा टाइम-बेस (पडद्यावरच्या जाळीतलं एक आडवं घर किती वेळाचं, ते) एका घराला 5 मिलिसेकंद ठेवला, तर एक लाट चार घरांत बसते आणि प्रत्येक घर 90 अंशांचं होतं. पडद्याचा आडवा अक्ष वेळेचा खरा, पण वाचायचा कोन म्हणून.

ही लाट बघायला प्रोब, म्हणजे सीआरओची मोजणारी तार, थेट प्लगमध्ये मात्र कधीही घालू नये. प्रोबची ग्राउंड क्लिप अर्थिंगला जोडलेली असते. ती फेजच्या तारेला लागली तर थेट शॉर्ट. मधे छोटा ट्रान्सफॉर्मर हवाच. त्याच्या टोकांवर मल्टिमीटर 12 व्होल्ट दाखवत असेल, तर पडद्यावरची लाट 17 व्होल्टपर्यंत चढते. दोन्ही आकडे बरोबर. मल्टिमीटर वर्गाच्या सरासरीचं मूळ सांगतो आणि पूर्ण आवर्तनात साइनच्या वर्गाची सरासरी निम्मी येते. परीक्षेपुरतं पाठ केलेलं 'साइन वर्ग थीटा बरोबर एक वजा कॉस दोन थीटा, भागिले दोन' ते हेच. त्यातल्या कॉसची सरासरी शून्य होते, निम्मा उरतो. म्हणून 17 ला दोनाच्या वर्गमुळानं भागायचं.

पण खरी गंमत ट्रिगरमध्ये, म्हणजे रेघ लाटेच्या कुठल्या जागेपासून सुरू करायची ते ठरवण्यात आहे, आणि नेमका तोच भाग मुलं 'ऑटोसेट' हे सगळं आपोआप जुळवणारं बटण दाबून टाळतात. पडद्यावरचं चित्र स्थिर दिसण्यासाठी प्रत्येक नवी रेघ लाटेच्या त्याच कोनापासून सुरू व्हावी लागते; नाहीतर लाटा पळत सुटतात. समजा लाटेची उंची 4 व्होल्ट आहे आणि ट्रिगरची पातळी 2 व्होल्टवर ठेवली. साइन थीटा अर्धा, म्हणजे कोन किती? 30 अंश, हे पटकन येतं. पण 150 अंशांचा साइनही अर्धाच. नुसत्या पातळीवरून सीआरओला नेमकी जागा कळणार कशी? त्यासाठी शेजारी 'स्लोप'ची निवड दिलेली असते. चढती लाट हवी की उतरती, हे आपण सांगायचं. 30 अंशांवर कॉस धन, 150 वर ऋण. स्लोपचं बटण म्हणजे कॉसचं चिन्ह. हे सांगितल्यावर भाचीनं स्लोप बदलून पाहिला. लाट त्याच 2 व्होल्टवर सुरू झाली, पण आता खाली उतरत.

मग ब्रेडबोर्डवर 1 किलोओहमचा रेझिस्टर आणि त्याच्यापुढे 0.1 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला. फंक्शन जनरेटरवरून, म्हणजे हवी तशी लाट देणाऱ्या यंत्रावरून, 1 किलोहर्ट्झची साइन लाट दिली. पहिल्या चॅनेलवर जनरेटर, दुसऱ्यावर कपॅसिटर. एका घराला 0.1 मिलिसेकंद ठेवलं की आवर्तन बरोबर दहा घरांत मावतं आणि एक घर 36 अंशांचं होतं. कपॅसिटरची लाट जरा बुटकी आणि मागे रेंगाळलेली दिसते. मागे किती? कोनाचा टॅन्जंट म्हणजे 2 पाय (π) गुणिले फ्रिक्वेन्सी, रेझिस्टन्स आणि कपॅसिटन्स: 0.63. कोन सुमारे 32 अंश, म्हणजे एका घराला थोडं कमी. सुट्या भागांच्या किमतींत थोडी तफावत असतेच, त्यामुळे पडद्यावर एखाद-दोन अंश इकडेतिकडे व्हायचेच.

फेजमधल्या, म्हणजे लाटेच्या कोनातल्या अशा फरकाला किती महत्त्व असतं, हे बघायला इंदूरबाहेर जायची गरज नाही. राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात, म्हणजे इंदूरकरांच्या 'कॅट'मध्ये, इंडस-2 हे सिंक्रोट्रॉन आहे. सुमारे 172 मीटर परिघाच्या कड्यात इलेक्ट्रॉन फिरतात आणि वळताना प्रकाश फेकून ऊर्जा गमावतात. ती तूट भरून काढायला 505.8 मेगाहर्ट्झची लाट असते. इलेक्ट्रॉनांचा पुंजका लाटेच्या कुठल्या कोनावर पोचतो, यावर त्याला किती ऊर्जा मिळणार ते ठरतं. तिथे पूर्ण आवर्तन जेमतेम 2 नॅनोसेकंदांचं, आणि एक अंश म्हणजे साडेपाच पिकोसेकंद.