सुपरहिरो कॉमिक्सचे संग्रह व विशेषांक : परीक्षण

सुपरहिरो कॉमिक्सच्या पुनर्मुद्रित संग्रहांचे व विशेषांकांचे कथा, चित्र, संपादन आणि मुद्रण या अंगांनी केलेले मूल्यमापन. सुट्या अंकाच्या परीक्षणाहून ते वेगळे ठरते, कारण येथे परीक्षकापुढे दोन कर्ते असतात : मूळ कथा रचणारे लेखक-चित्रकार, आणि ती निवडून, क्रम लावून पुन्हा छापणारा प्रकाशक. पहिल्याच्या गुणांचे श्रेय दुसऱ्याला देणे हा या प्रकारातील नेहमीचा दोष होय. ग्रामीण विदर्भात हाती येणारी प्रत पुष्कळदा जुनी, हातोहात फिरलेली असल्याने प्रतीची तपासणी हा परीक्षणाचा पहिला भाग मानणे इष्ट.

कोणत्या नायकांचे संग्रह या सदरात धरावेत, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. ली फॉक यांचा ‘फँटम’, म्हणजे मराठी वाचकांचा वेताळ, १७ फेब्रुवारी १९३६ रोजी वृत्तपत्रीय चित्रमालिकेच्या रूपाने अवतरला; सुपरमॅन जून १९३८ अशी तारीख छापलेल्या ‘ॲक्शन कॉमिक्स’च्या पहिल्या अंकात आला. अंगासरशी बसणारा पोशाख, डोळ्यांची बुबुळे न दिसणारा मुखवटा आणि पिढीजात प्रतिज्ञा ही लक्षणे वेताळाकडे आधीपासून आहेत. मात्र त्याच्या अंगी अलौकिक शक्ती नाही, तो अमर असल्याची केवळ समजूत पसरलेली आहे. पीटर कूगन यांनी ध्येय, शक्ती व ओळख या तीन कसोट्या मांडून या प्रकाराचा आरंभ सुपरमॅनपासून धरला आहे. दुसरा पक्ष वेताळाला निदान संक्रमणकाळातील नायक मानतो. वर्गीकरणाच्या दृष्टीने कूगन यांची मांडणी अधिक काटेकोर आहे, हे खरे. तथापि भारतीय वाचनाच्या इतिहासात वेताळाला वगळल्यास पुढच्या नायकांची पूर्वपीठिकाच नाहीशी होते. म्हणून येथे त्याचा समावेश केला आहे.

‘इंद्रजाल कॉमिक्स’ ही माला टाइम्स ऑफ इंडिया समूहाने मार्च १९६४ मध्ये सुरू केली. पहिले ३२ अंक वेताळकथांचेच होते. नंतर मँड्रेक, फ्लॅश गॉर्डन आदी नायक आले, आणि १९७६ मध्ये आबिद सुरती यांचा ‘बहादूर’ हा भारतीय नायक. १९९० मध्ये बंद पडेपर्यंत मालेचे सुमारे आठशे अंक निघाले, आणि मराठीसह अनेक भारतीय भाषांत ती वाचली गेली. विदर्भातील वाचकाला हिंदी कॉमिक्सही परकी वाटत नाहीत. १९५६ पर्यंत हा प्रदेश मध्य प्रांतात, पुढे मध्य प्रदेशात होता व नागपूर त्याची राजधानी होती. गोंदिया-भंडाऱ्याकडे तर हिंदी रोजच्या व्यवहारात कानावर पडते. त्यामुळे १९८६ मध्ये राज कॉमिक्सचा नागराज व १९८७ मध्ये अनुपम सिन्हा यांचा सुपर कमांडो ध्रुव आला, तेव्हा अनुवादाची वाट पाहावी लागली नाही. बडनेरा, वर्धा यांसारखी रेल्वे स्थानके, एस.टी. स्टँडवरचे बुकस्टॉल, बाजाराच्या दिवशी मांडलेली जुनी पुस्तके आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत भाड्याने अंक देणारी दुकाने हे अंक मिळण्याचे मार्ग होते.

अशा प्रतीची तपासणी कशी करावी, हे अंकाच्या बांधणीवरून समजते. ३२ पानांचा अंक मधोमध दुमडलेल्या आठ तावांचा असून तो दोन तारांच्या पिनांवर टिकतो. पिना गंजल्या की सर्वांत आतला ताव प्रथम सुटतो, आणि त्याबरोबर १५ ते १८ ही सलग चार पाने जातात. बाहेरचा ताव गेल्यास मात्र १, २, ३१ व ३२ ही पाने जातात, म्हणजे कथेचा आरंभ आणि शेवट एकदमच हरवतो. पहिल्या प्रकारात कथा मध्येच तुटल्यासारखी वाटते व तो दोष लेखकाच्या माथी मारला जातो. म्हणून पृष्ठांक मोजल्यावाचून कथानकावर अभिप्राय देऊ नये. सुटे अंक एकत्र करून दाभणाने शिवलेले आणि पुठ्ठ्यात बांधलेले घरगुती खंडही आढळतात. शिवण पानाच्या आत घेतलेली असल्याने त्यांत कण्यालगतच्या चौकटींची कड दबते आणि संवादफुग्यांतील अक्षरे अर्धवट दिसतात. हाच दोष महागड्या जाड संग्रहांतही राहतो : दोन पानांवर पसरलेल्या चित्राचा मध्य बांधणीत गडप होतो. पुस्तक पूर्ण उघडून असे एखादे चित्र पाहणे, एवढी परीक्षा पुरेशी आहे.

पाठाची तुलना हे याहून अवघड काम. वृत्तपत्रातील पट्ट्या अंकाच्या ठरीव पानांत बसवताना इंद्रजालमध्ये चौकटी कापल्या वा गाळल्या गेल्या. वेताळाच्या देशाचे मूळ नाव बंगालसारखे असल्याने घोटाळा होऊ नये म्हणून ते ‘डेंकाली’ करण्यात आले, आणि वेताळाचे शत्रू असलेल्या सिंग चाच्यांचे नाव ‘सिंगा’ झाले. नव्या संग्रहाने मूळ पाठ दिला असेल तर लहानपणी इंद्रजाल वाचलेल्याला तो बदललेला वाटतो, वास्तविक बदललेला असतो तो जुना अंक. चित्रकार ओळखणेही यातच येते : रे मूर, विल्सन मॅककॉय व साय बॅरी यांच्या रेषा सरावाने वेगळ्या काढता येतात, आणि ज्या संग्रहात चित्रकाराचे नावच दिलेले नाही त्या संग्रहाचे संपादन कच्चे समजावे.

रंगांविषयी परीक्षणांत फार थोडे लिहिले जाते, हे खेदजनक आहे. जुने रंग शाई शोषणाऱ्या, पिवळसर वृत्तपत्री कागदाचा विचार करून निवडलेले असत. तेच पांढऱ्या गुळगुळीत कागदावर छापल्यास भडक दिसतात. काही वेळा रंग नव्यानेच दिले जातात. बॅटमॅनच्या १९८८ मधील ‘द किलिंग जोक’ या विशेषांकाचे जॉन हिगिन्स यांनी दिलेले रंग २००८ च्या आवृत्तीत चित्रकार ब्रायन बोलंड यांनी स्वतः बदलले, आणि दोन्ही आवृत्त्यांना समर्थक लाभले. कोणती आवृत्ती वाचली, हे न सांगणारे परीक्षण अशा ठिकाणी अपुरे ठरते.

विशेषांकाला पानवाढ, वर्धापन, नायकांची भेट किंवा मोठी घटना असे निमित्त असते. सुपरमॅनचा पहिला वार्षिकांक १९६० मध्ये निघाला व त्यात जुन्याच कथा होत्या, म्हणजे विशेषांक व संग्रह यांची सरमिसळ जुनी आहे. राज कॉमिक्सने ‘विशेषांक’ हा शब्द अधिक पानांच्या अंकांसाठी रूढ केला. दोन नायकांच्या अंकात दोघांनाही कथेत खरे काम आहे की एक केवळ मुखपृष्ठापुरता आहे, हे तपासावे. नागराजच्या संग्रहात क्रमाचे भान विशेष लागते : प्राध्यापक नागमणीने घडवलेले शस्त्र म्हणून आलेल्या या नायकाचा जन्म पुढे तक्षकनगरच्या राजघराण्याशी जोडण्यात आला. आरंभीचे अंक पुण्याचे चित्रकार प्रताप मुळीक यांनी रंगवले असून त्यांतील देहरचनेची पक्की जाण नंतरच्या अंकांत क्वचितच दिसते.

गावच्या सार्वजनिक ग्रंथालयांना महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम, १९६७ अन्वये अ, ब, क, ड या वर्गांनुसार अनुदान मिळते. पिनांचे पातळ अंक देवघेवीत टिकत नाहीत. बांधीव संग्रह टिकतो, पण त्याची किंमत लहान ग्रंथालयाला जड जाते. अशा खरेदीपूर्वी उपयोगी पडावे यासाठी परीक्षणात प्रकाशनवर्ष, पृष्ठसंख्या, समाविष्ट अंकांचे क्रमांक, भाषा, बांधणीचा प्रकार आणि गाळलेला मजकूर यांची नोंद आवश्यक आहे.