वाचनालय-अभ्यासिकेच्या वायफायवरचा फिल्टर: काय अडतं, काय निसटतं

आमच्याकडून इंटरनेटची जोडणी घेताना वाचनालयांचे बहुतेक चालक पहिल्यांदा हेच विचारतात, "नको त्या साइट बंद होतील ना?" होतील, पण सगळ्या नाही. उद्या एखादे पालक जाब विचारायला आले, तर उत्तर तुम्हालाच द्यायचं आहे, म्हणून हे पत्रक.

साइटचं नाव टाकलं की फोन आधी डीएनएस सर्व्हरला तिचा आकडी पत्ता विचारतो. आम्ही राउटरमध्ये असा डीएनएस भरतो, जो अश्लील, जुगाराच्या आणि फसवणुकीच्या साइटचा पत्ता देतच नाही. क्लाउडफ्लेअरची १.१.१.३ ही मोफत सेवा २०२० पासून अश्लील आणि मालवेअरच्या (फोन-संगणकाला घातक सॉफ्टवेअरच्या) साइटसाठी हेच करते. घरच्या राउटरमध्ये ती तुम्ही स्वतः भरू शकता, त्यासाठी आम्हाला पैसे देऊ नका.

आता जवळपास सगळ्या साइट एचटीटीपीएसवर, म्हणजे आतला मजकूर वाटेत कुणाला वाचता येऊ नये अशा जोडणीवर असतात. त्यामुळे फिल्टरला एसटीची पाटी दिसते, आत कोण बसलंय ते दिसत नाही. एखादं पान किंवा एकच व्हिडिओ बंद करता येत नाही; साइट पूर्ण उघडी, नाहीतर पूर्ण बंद.

गूगल आणि यूट्यूबचं थोडं वेगळं. गूगलवर सेफसर्च आणि यूट्यूबवर रिस्ट्रिक्टेड मोड, म्हणजे नको ते निकाल आणि व्हिडिओ गाळणाऱ्या त्यांच्याच सोयी, आम्ही डीएनएसमधूनच लावू शकतो. यूट्यूबचा मोड कडक आणि मध्यम अशा दोन पातळ्यांचा आहे. दोन्हींत कॉमेंट दिसत नाहीत. कडक पातळीत कामाची लेक्चरही गायब होऊ शकतात, उदाहरणार्थ नीटच्या जीवशास्त्रातला प्रजननाचा धडा. म्हणून बालविभागाला वेगळ्या नावाचं वायफाय देऊन तिथे कडक, अभ्यासिकेत मध्यम, असं आमचं मत. सोशल मीडिया सरसकट बंद करा असं आम्ही सुचवत नाही. मुलं मोबाइल डेटा चालू करतात आणि मग फिल्टर कुठलाच उरत नाही.

मोबाइल डेटासारखंच व्हीपीएनपुढेही (सगळं नेट दुसऱ्याच सर्व्हरमार्फत फिरवणाऱ्या अ‍ॅपपुढेही) फिल्टर हतबल आहे. सायबर कॅफेसाठीच्या २०११ च्या केंद्रीय नियमांत फिल्टर सॉफ्टवेअरचा उल्लेख आहे, पण तिथेही अपेक्षा 'शक्य तितकं' टाळण्याचीच आहे. शंभर टक्के हमी देणारा विक्रेता भेटला, तर त्याच्यासमोरच फोनवर व्हीपीएन लावून दाखवा.

"वायफाय लागतं, पण नेट चालत नाही," अशी तक्रार आली, तर आधी त्या अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमधलं 'प्रायव्हेट डीएनएस' बघा. तिथे दुसऱ्या सर्व्हरचं नाव भरलेलं असेल, तर आमचा राउटर ती वाट अडवतो आणि नेट ठप्प होतं. 'ऑटोमॅटिक' केलं की सुरू होतं. काउंटरवरच्या ताईंना एवढं दाखवून ठेवलंत, तरी आमचे निम्मे फोन वाचतील.

कामाची साइट अडली, तर तिचं नाव आम्हाला व्हॉट्सअ‍ॅपवर कळवा. कोणत्या सभासदाला हवी होती, ते लिहू नका. आम्हाला ते नको आहे. साइट तपासून, अडचण नसेल तर कामाच्या दिवशी त्याच दिवशी उघडून देतो. मात्र माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९अ खाली केंद्र सरकारने बंद केलेल्या साइट आमच्या फिल्टरने अडवलेल्या नसतात. त्या उघडणं आमच्या हातात नाही, त्यासाठी आग्रह धरू नये.